भुतांच्या बाबतीत तरी अमेरिकेचा दाखला नको

शनिवारवाड्यात अमावास्येला ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं, असं कुणीतरी शाळेच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवस जुंपली. मी गप्पच बसणार होते. पण आमच्यातल्या एका शहाण्यानं लिहिलं, ‘म्हणून अमेरिका पुढे गेली आणि आपण भुतं मोजत बसलो.’ बाबा रे, मी नेवाडात राहते, हेंडरसनला. इथं भुतं मोजायची यंत्रं विकत मिळतात, आणि ती घेऊन धडधाकट, शिकलेली माणसं रात्र रात्र जागतात.

वेगासहून 95 नंबरच्या हायवेनं रिनोकडे निघालं की बिटी गावात पेट्रोल भरून घ्यायचं. पुढे टोनोपाच्या अलीकडे गोल्डफिल्ड लागतं. 1902 मध्ये इथं सोनं सापडलं आणि चार-पाच वर्षांत ओसाड माळावर 20,000 वस्तीचं शहर उभं राहिलं. 1908 चं गोल्डफिल्ड हॉटेल त्या श्रीमंतीचं: चार मजले, दीडशेच्या वर खोल्या, लिफ्ट, टेलिफोन, वाफेवर तापणारे रेडिएटर. मग सोनं आटलं, 1913 मध्ये पूर आला, 1923 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. हॉटेल तेवढं वाचलं. दुसऱ्या महायुद्धात टोनोपाच्या विमानतळावरचे लष्करी लोक तिथं राहून गेले, त्यानंतर ते बंदच. गावात आता जेमतेम दोन-अडीचशे माणसं.

आणि एक एलिझाबेथ. मालक जॉर्ज विंगफिल्डनं म्हणे या गरोदर बाईला 109 नंबरच्या खोलीत रेडिएटरला साखळदंडानं बांधलं आणि मूल जन्मताच खाणीत टाकलं. विंगफिल्ड खरा. जुगारी होता, खाणमालक झाला, मग बँकर. ती बाई मात्र कागदोपत्री सापडत नाही. गोष्ट 1930 च्या सुमाराची सांगतात, त्याआधीच त्यानं हॉटेल विकून टाकलं होतं. आमच्या नारायणरावांचा खून निदान झाला तरी होता, 30 ऑगस्ट 1773 ला, त्याच वाड्यात.

विंगफिल्डच्या नावावर घालायला खरी गोष्ट हवी तर ती आहे. 1907 मध्ये खाणमालकांनी रोख पगाराऐवजी चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली, कामगार संपावर गेले आणि अध्यक्ष रूझवेल्टनी गावात फौज पाठवली. हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना 109 हवी.

त्या शहाण्याला आणखी एक सांगायचंय. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरीनं, साखळीनं बांधून मारणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, 2013 च्या कायद्यानं. दाभोलकरांचा जीव गेला तेव्हा कुठे तो आला, हे खरं. पण आला. इथं कॅमेरे घेऊन टीव्हीवाले आले. (इथं भुतासाठी कुणाला मारत नाहीत, हे तो लगेच म्हणेल. म्हणू दे.)

एवढं बोलून, पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना गोल्डफिल्डला नेतेच. एलिझाबेथची गोष्ट सख्ख्या मावशीची सांगावी तशी रंगवून सांगते. संपाचं गाळते. पाहुणे ‘तुमच्याकडे काय एकेक असतं’ म्हणतात आणि मला बरं वाटतं. इतक्या वर्षांत या राज्यातलं माझं म्हणून सांगावं असं दुसरं काही हाती लागलेलं नाही.

तिथल्या स्मशानात एक पाटी आहे: अनोळखी माणूस, लायब्ररीची खळ खाऊन मेला, 14 जुलै 1908. हॉटेल उघडलं त्याच वर्षी, त्याच गावात. त्याचं भूत कुणी केलं नाही. भूत व्हायलाही चार ओळखीची माणसं लागतात. आमच्या संगमेश्वरकडच्या वाडीत पिंपळावर मुंजा आहे. त्याचं घर कुठलं, तो कुणाचा कोण, हे आई आजही सांगते. उद्या मी तिथं दिसले तर निदान ‘अमक्याची मधली’ म्हणून ओळखतील. हेंडरसनात मी गेले तर अंगणातलं वाळलेलं झुडूप काढा म्हणून एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, नोटीस येईल, तीही नवऱ्याच्या नावानं.