आता अधिक सोपं!

आमचं वॉशिंग मशीन गचकलं तेव्हा मी मनातून खूश झालो होतो, हे कबूल करतो. वस्तूंची परीक्षणं करणाऱ्या एका वेबसाइटची मी दरवर्षी वर्गणी भरतो आणि ती पाण्यात जाते, असं घरात वरचेवर ऐकतो. आता ती सत्कारणी लागणार होती.

पैसे मोजून परीक्षणं वाचण्यात तत्त्व आहे हो! अमेरिकेतलं 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून याच वाटेनं चालतंय. तपासायच्या वस्तू स्वतः विकत आणायच्या, कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, खर्च वाचकांनी उचलायचा. म्हणजे मीठ खायचं ते वाचकाचंच. माझी वेबसाइट याच पंथातली.

फक्त नेमकं त्याच आठवड्यात तिनं नवं रूप घेतलं होतं. पूर्वी उघडल्या उघडल्या तक्ता दिसायचा. पंचांगासारखा रुक्ष, पण कपडे किती स्वच्छ निघतात, पाणी किती लागतं, आवाज किती होतो, सगळं एका नजरेत. आता तिथे टॉवेल कवटाळून हसणारी बाई होती आणि खाली 'आता अधिक सोपं!'

तक्ता सापडला, सहाव्या क्लिकला. मशीनची नावं धूसर, शेजारचे रंगीत गोळे मात्र लख्ख. मी लालभडक गोळ्यांची रांग हेरली. जुन्या तक्त्यात लाल म्हणजे उत्तम, काळा म्हणजे टाकाऊ. ही रीतही 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'चीच. त्यांनी २०१६ मध्ये ती बदलून चांगल्याला हिरवा आणि वाईटाला लाल दिला. शहाणपणाचंच झालं ते. इथेही आता तसंच केलं होतं, फक्त माझ्या डोळ्यांना कुणी कळवलं नव्हतं. अर्धा तास मी सगळ्यात भिकार मशीनच्या प्रेमात होतो.

नाव बघायला लॉगिन केलं. 'या ईमेलचा सभासद आढळला नाही.' पासवर्ड बदलण्याची लिंक मागवली, ती आलीच नाही. आली ती पावती: वर्गणीचं आपोआप नूतनीकरण झाल्याबद्दल अभिनंदन. पैसे कापताना माझी ओळख पटत होती, आत सोडतानाच काय ती अडचण.

इकडे बादलीत कपडे भिजून फुगले होते. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमचं चालू द्या." आणि दुकानात जाऊन, दोन झाकणं उघडून-मिटून, मशीन घेऊन आली.

लिंक आली नवव्या दिवशी. तोवर तीनदा कपडे धुऊन झाले होते, तरी मी यादी उघडलीच. बायकोचं मशीन दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्यासमोर लिहिलं होतं, 'उत्पादन बंद.'

हे मी अजून घरात सांगितलेलं नाही.