बॉल शोधण्यात वेळ वाया जात नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुण्याच्या आसपासचे गोल्फ कोर्स आणि तिथे हरवणारे बॉल यांबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. चार ओळींत उरकण्यासारखी ती नव्हती, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की लेखात ग्रीन (जिथे बॉल खळग्यात घालतात ती हिरवळ), बंकर (वाळूचे खड्डे), होलची रचना राहिली बाजूला आणि झुडपांचंच वर्णन जास्त झालं. वीस-बावीस हँडिकॅपच्या (म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागणाऱ्या) हौशी लोकांनी बॉल शोधत बसू नये, खिशातला दुसरा टाकावा आणि चालू लागावं. आमच्यासारख्यांमुळे रविवारी सकाळी मागचे ग्रुप ताटकळतात. शिवाय कुंपणापलीकडच्या पोरांकडून सापडलेले बॉल विकत घेणं म्हणजे चोरीला उत्तेजन देणं. तुम्ही स्वतः सिंगल हँडिकॅप (दहाच्या आतला) खेळता, हेही तुम्ही लिहिलंय.

मागच्या ग्रुपचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. टीवर (होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे) उन्हात उभं राहून पुढच्यांच्या पाठी बघत बसणं कुणालाच आवडत नाही. पण त्यावर तुम्ही सुचवलेला उपाय मला अजिबात पटत नाही. का, ते सांगतो.

"खिशातला दुसरा टाका आणि चला" हे ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण मग कार्डावर काय लिहायचं? टीवरून मारलेला बॉल हरवला, तर नियमाप्रमाणे एक पेनल्टी (दंडाचा जादा फटका) घेऊन परत टीवर जायचं आणि तिथून तिसरा फटका मारायचा. बॉल जिथे गेला असं वाटतं तिथेच दुसरा टाकून एक फटका वाढवायचा, अशी सोय मूळ नियमांत कुठेही नाही. तरी अनेक जण नेमकं तेच करतात, आणि सातचा स्कोअर सहा किंवा पाच होऊन कार्डावर उतरतो. त्याच कार्डांवरून हँडिकॅप निघतो आणि त्याच हँडिकॅपवर क्लबच्या स्पर्धेत नेट (हँडिकॅप वजा करून उरलेल्या स्कोअरची) बक्षिसं दिली जातात. म्हणजे घाई वाचवायला जे केलं, त्याने खेळाचा हिशेबच खोटा पडतो. हौशी माणसाला बक्षीस मिळो न मिळो, आपण खरोखर किती खेळलो हे तरी त्याला कळायला हवं. बॉल शोधायचा, नाही सापडला तर नियमाप्रमाणे फटके मोजायचे. मधला मार्ग मला मान्य नाही.

आता वेळेबद्दल. 2019 पासून बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात. त्याआधी पाच मिळायची. खेळाडू किंवा त्याचा कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) शोधायला लागला की घड्याळ सुरू होतं. चौघांच्या ग्रुपने हे तीन मिनिटांचं बंधन खरोखर पाळलं, तर एका राउंडमध्ये शोधाशोधीला लागणारा वेळ फार होत नाही. वेळ जातो तो दुसरीकडेच. शंका असूनही टीवरून प्रोव्हिजनल (पहिला हरवला तर हाताशी असावा म्हणून मारलेला दुसरा बॉल) मारायचा नाही, दोनशे यार्ड चालत जायचं, शोधायचं आणि मग डोकं खाजवत मागे फिरायचं, यात जातो. एकाचा बॉल झाडीत गेला की उरलेले तिघं आपापले फटके न मारता नुसते त्याच्या मागे चालतात, यातही जातो. रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) उभं राहून फोनवर बोलण्यात तर जातोच जातो.

आमच्या ग्रुपमध्ये शोध टीवरच सुरू होतो. ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) उजवीकडे वळलेला दिसला की मारणाऱ्याने वैतागून मान फिरवायची नाही. बॉल थांबेपर्यंत किंवा दिसेनासा होईपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवायची, आणि तो जिथे दिसेनासा झाला त्याच्या मागची एक ठळक खूण पक्की करायची. एखादं वाळलेलं झाड, विजेचा खांब, दोन फांद्यांमधली फट, काहीही चालेल. टीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याने आपल्या बाजूने वेगळी खूण धरायची. या दोन खुणांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथून शोधायला सुरुवात करायची. शोधायला जाताना बऱ्याचदा माणूस बॉलच्या पुढे निघून जातो, कारण आपला ड्राइव्ह किती लांब गेला याचा प्रत्येकाचा अंदाज थोडा उदारच असतो. म्हणून आम्ही एकाला मुद्दाम वीसेक पावलं मागे ठेवतो. बॉल पुष्कळदा त्यालाच सापडतो.

टीवरून निघण्याआधी शंका असेल तर "प्रोव्हिजनल" असं स्पष्ट सांगून दुसरा बॉल मारायचा. न सांगता मारला तर पहिला बॉल सापडला तरी उपयोग नाही, दुसराच खेळात धरला जातो. आणि मागचा ग्रुप खोळंबलेला दिसला, तर तीन मिनिटं संपायची वाटही न बघता हात करून त्यांना पुढे सोडायचं. एवढं केलं तर हौशी ग्रुप कुणाची वाट अडवत नाही.

माझा मूळ लेख ज्या कारणासाठी लिहिला होता, ते तुमच्या नजरेतून निसटलं असं वाटतं. तुमच्यासारख्या चांगल्या खेळाडूचा कोर्स फेअरवेच्या (टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध आणि ग्रीनवर असतो. आमचा कोर्स कडेकडेने असतो. बावीस हँडिकॅपच्या माणसाने विचारलं की अमुक होल कसा आहे, तर "ग्रीन मागून पुढे उतरतो" हे उत्तर त्याच्या फारसं कामाचं नाही. "उजवीकडचा उतार फसवा आहे, बॉल झाडाला लागून खाली घरंगळतो, वर शोधू नका, चरात बघा" हे त्याच्या कामाचं. आम्ही हौशी लोक एकमेकांना कोर्सचे अनुभव सांगतो ते असेच, कुठे काय हरवलं आणि कुठे सापडलं या भाषेत. पाऊस संपता संपता, सप्टेंबरात, गवत गुडघ्याएवढं झालेलं असतं. फेअरवेवरून दहा पावलं बाहेर गेलेला बॉल पायाखाली आला तरच कळतो. तेच मार्च-एप्रिलमध्ये मुरूम उघडा पडतो, बॉल दगडावर आपटून कुठल्या कुठे उडतो, आणि तो आधी जिथे पडला तिथे शोधून काहीच हाती लागत नाही. एकच होल ऋतूप्रमाणे वेगळ्या जागी बॉल लपवतो. हे कोर्सच्या माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. म्हणून मी झुडपांबद्दल लिहिलं आणि पुढेही लिहिणार आहे.

खारघरला सिडकोचा कोर्स सर्वांसाठी खुला आहे, डोंगराच्या कुशीत आहे आणि पावसाळ्यात चहूबाजूंनी ओहोळ वाहतात. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याला पाण्याच्या कडेचे नियम आधी समजावून सांगितले तर त्याचा दिवस सुखाचा जातो. बॉल पेनल्टी एरियातच (पाण्याच्या, खुणांनी आखलेल्या भागातच) गेला हे जवळपास नक्की असेल, तर तो शोधत बसायची गरज नाही. एक फटका मोजायचा, बाहेर ड्रॉप घ्यायचा (दुसरा बॉल हातातून खाली सोडायचा) आणि चालू लागायचं. "खिशातला दुसरा टाका" हा तुमचा सल्ला तिथे शंभर टक्के बरोबर आहे.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याच्या सामन्यात) समोरच्याचा बॉल हरवला तर तो होल बहुतेक आपल्या खिशात. तरीही समोरचा खेळाडू आपली बॅग खाली ठेवून घाणेरीच्या झुडपांत शिरतो, फांद्या बाजूला करतो आणि "हा बघ, तुझाच ना?" म्हणून हाक मारतो. ज्याच्या हरण्यात आपला फायदा, त्याच्यासाठी अंगावर ओरखडे घेत फिरणारा प्रतिस्पर्धी दुसऱ्या कुठल्या खेळात बघायला मिळतो? क्रिकेटमध्ये बॉल हरवला तर तो दोन्ही संघांचा असतो. इथे तो एकट्याचा असतो, तरी चौघं शोधतात. नवीन नियमांनीही याला हातभार लावला. शोधताना चुकून पाय लागून बॉल हलला तर आता कुणालाच पेनल्टी नाही, तो होता तिथे परत ठेवायचा. पूर्वी स्वतःचा बॉल शोधताना स्वतःच्याच पायाने हलला तर एक फटका वाढायचा, त्यामुळे माणूस बिचकत पाऊल टाकायचा.

आणि सापडलेला बॉल "माझा" म्हणायचा तो कशावरून? नुसतं कंपनीचं नाव आणि आकडा यांवर विसंबून चालत नाही, त्याच कंपनीचा त्याच आकड्याचा बॉल आधीच कुणीतरी तिथे हरवलेला असू शकतो. आमच्यातला प्रत्येक जण मार्करने स्वतःची खूण करतो. माझी खूण म्हणजे आकड्याच्या खाली दोन लाल ठिपके आणि त्यांना जोडणारी आडवी रेघ. बॉल चिखलात अर्धा रुतलेला असेल, खूण वर दिसत नसेल, तर आधी त्याच्या मागे टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खोचून जागा धरायची, मग उचलून बघायचं, ओळख पटण्यापुरताच पुसायचा आणि परत तसाच ठेवायचा. जागा न धरता उचलला तर एक फटका. हे सगळं माणूस एकटाच करतो, झाडामागे, कुणी बघत नसताना. ज्याने हे नीट केलं त्याच्याबरोबर खेळायला मला पुन्हा जावंसं वाटतं, त्याचा हँडिकॅप कितीही असो.

एक सूचना मात्र पोटतिडकीने करतो, तुमच्यासाठी नाही तर वाचणाऱ्या नव्या मंडळींसाठी. आपल्याकडच्या गवतात हात घालायचा नाही. घोणस आणि फुरसं दोन्ही महाराष्ट्रात आढळतात आणि दोन्ही पाचोळ्यात दिसत नाहीत. गवत आधी क्लबने (खेळायच्या काठीने) बाजूला करायचं, जमिनीवर जरा आपटायचं, मग वाकायचं. चप्पल-सँडल घालून रफमध्ये शिरायचं नाही. कुसळं मोज्यांत घुसली तर घरी जाऊन निघतील, साप चावला तर तिथून हॉस्पिटल गाठेपर्यंतचा वेळ जीवावर बेततो. सूर्य मावळल्यावर कितीही महागाचा बॉल असला तरी तो तिथेच सोडायचा. आणि उन्हाळ्यात डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली तर पाय जपून ठेवायचे, तिची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी पडलेली असतात.

राहिला मुलांचा मुद्दा. कुंपणापलीकडे पडलेला बॉल उचलून दोन दिवसांनी आणून देणाऱ्या पोराला मी चोर म्हणणार नाही. तो बॉल आम्ही नियमाने सोडून दिलेला असतो आणि त्याच्या वावरात पडलेला असतो. चालू खेळात फेअरवेवरचा बॉल पळवणं वेगळं, ते कुणीही केलं तरी चूकच. पण तुमच्या तक्रारीत एक खरी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही लिहिलीत त्याहून गंभीर आहे. मुलं तळ्यात उतरतात. एका कोर्सवर मी कमरेएवढ्या गाळात उभं राहून पायाने बॉल चाचपणारा मुलगा बघितला आणि काठावर उभे असलेले गोल्फर त्याला कुठे बघ ते सांगत होते. तेव्हापासून तळ्यातला बॉल मुलांकडून घ्यायचा नाही, हे आम्ही ग्रुपमध्ये ठरवून टाकलंय. क्लबने ते काम मोठ्या माणसांना, रीतसर पैसे देऊन आणि सुरक्षेची साधनं देऊन करायला लावावं.

ते काम करायला हवं हे मात्र नक्की, कारण पाण्यात गेलेला बॉल विरघळत नाही. कॅलिफोर्नियात कार्मेलजवळच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या कोर्सांखाली ॲलेक्स वेबर या शाळकरी मुलीने 2016 मध्ये समुद्रतळावर बॉलांचे ढीग बघितले. तिने आणि तिच्या सोबत्यांनी त्या पट्ट्यातून 50,681 बॉल बाहेर काढले, आणि 2019 मध्ये त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. लाटांनी घासून कित्येकांचं वरचं आवरण झिजलं होतं, आतलं रबर उघडं पडलं होतं, आणि त्या रबरात जस्ताची संयुगं असतात. आपल्या कोर्सांवरची तळी त्या मानाने लहान आहेत. पण "टाका दुसरा आणि चला" असं म्हणताना पहिला कुठे राहिला, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

शेवटी, तुम्हाला जी गती हवी आहे तिच्यासाठी नियमांतच एक वाट आहे. 2019 पासून क्लबची कमिटी ई-5 हा स्थानिक नियम लागू करू शकते. प्रोव्हिजनल मारलेला नसेल आणि बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला, तर टीवर परत न जाता, तो जिथे हरवला असावा तेवढ्या अंतरावर फेअरवेच्या कडेला यायचं, कडेपासून दोन क्लबांच्या लांबीपर्यंत आत ड्रॉप घेता येतो, आणि दोन पेनल्टी मोजायच्या. म्हणजे टीवरचा बॉल हरवला असेल तर तिथून चौथा फटका. मोठ्या स्पर्धांसाठी हा नियम नाही, रोजच्या हौशी खेळासाठीच आहे. आमच्या ग्रुपमध्ये तो लागू आहे आणि त्याने राउंड खरोखर लवकर संपतात. तुमच्या क्लबात तो नसेल तर कमिटीला एक पत्र लिहा. सिंगल हँडिकॅपच्या माणसाने मागणी केली तर ती लवकर ऐकली जाते, आणि मागे ताटकळणाऱ्यांचा प्रश्न तुमच्याच हातून सुटेल. पत्राचा मसुदा हवा असेल तर इथेच कळवा, मी लिहून देईन.