"नशीबवान आहात, काकू"

आज सकाळी बँकेत माझ्या आत्याला हे वाक्य ऐकावं लागलं. फोनवरच्या फसवणुकीत गेले ४७,४९९ रुपये. सात महिन्यांनी परत आले १४,२१०. आणि काउंटरपलीकडचे साहेब म्हणतात, "नशीबवान आहात काकू, बऱ्याच जणांना एवढंही मिळत नाही." मागं रांगेत उभे असलेले एक गृहस्थ, ओळख ना पाळख, मान पुढं काढून विचारतात, "पण मुळात पिन टाकलाच कशाला?" आत्यानं पासबुक पटकन पदराखाली घेतलं. जणू तिनंच कुणाचं तरी उचलून आणलंय. तिथं मला बोलायला सुचलं नाही. घरी आल्यावर सगळं सुचतंय, म्हणून इथं लिहितेय.

आत्याला तुमच्यातले निम्मे ओळखतात. सांगलीच्या गावभागातली, सांडगे-कुरडया-मेतकूटवाली. सात महिन्यांपूर्वी तिनं इथंच, फेसबुकवर, बिडाच्या भांड्यांची जाहिरात बघितली. तवा, कढई, आप्पेपात्र, तिन्ही मिळून १,२९९. पार्सल आल्यावर पैसे द्यायचे तर शंभर रुपये जास्त, म्हणून हिनं आधीच भरले. शंभर रुपये वाचवणारी बाई आहे ती, आयुष्यभर तेच करत आली. आठ दिवसांनी पार्सल आलं. आत प्लॅस्टिकची चाळणी. लाल रंगाची. एकच.

(बिडाची तीन भांडी एवढ्याशा हलक्या पिशवीत येतील कशी, पार्सल हातात घेतल्यावरच कळायला हवं होतं, हे मला नंतर चार जणांनी समजावून सांगितलं. कळून काय करायचं होतं? पैसे आधीच गेलेले.)

मग तिनं तेच केलं जे आपण सगळे करतो. त्या कंपनीचं नाव घालून मोबाईलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधला आणि सगळ्यात वर जो आला तो लावला. पलीकडचा मुलगा साखरेत घोळलेला. "माताजी, पाँच मिनट में पैसा वापस." रिफंडसाठी व्हेरिफिकेशन कोड टाका म्हणाला. कोड २४९९९. तो सांगेल त्या चौकोनात टाकायचा. तो चौकोन रकमेचा होता. मग पिन. मग म्हणाला, पहिला कोड फेल गेला माताजी, दुसरा घ्या, २२५००. पुन्हा पिन. झालं.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. हे खरं आहे आणि बँका ते घसा कोरडा करून सांगतात, हेही खरं आहे. मी हे एकदा लिहिलं, आता कमेंटमध्ये कुणी पुन्हा लिहू नका.

कारण मला चीड त्याचीच आहे. खिसा कापला गेला तर आपण 'अरेरे' म्हणतो, आणि फोनवरून कापला गेला तर म्हणतो 'अशी कशी फसलीस?' २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच आत्याच्या घरात पाणी शिरलं. कृष्णामाई माळ्याच्या पायरीला लागली तेव्हा हिनं पापडाचे डबे वर चढवले आणि मग स्वतः चढली. तेव्हा कुणी विचारलं का, नदीकाठी राहायला सांगितलं होतं कुणी? (काहींनी विचारलं, मला माहीत आहे. पण तोंडावर नाही.) तेव्हा सगळी सांगली खिचडीची पातेली घेऊन धावली होती. हिचे ४७ हजार वाहून गेले तर धावायचं सोडा, लोक अक्कल शिकवायला येतात. ज्यानं लुटलं त्याच्याबद्दल एक वाक्य नाही. तो जणू पाऊस. पडणारच.

आता पैसे 'परत मिळतात' म्हणजे काय होतं ते ऐका. १९३० ला फोन लावायचा, किंवा सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची. ते व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागतात. त्या नंबरावरून पैसा कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात पळाला त्याचा माग काढतात आणि जिथं अजून शिल्लक सापडेल तिथं ती रक्कम होल्ड करतात. पळवणारे काही झोपलेले नसतात. भाड्यानं घेतलेली चार-पाच खाती, इकडून तिकडं, तिकडून एटीएममधून बाहेर. म्हणून जे काही वाचतं ते पहिल्या काही तासांतच.

आत्याचे पैसे शुक्रवारी संध्याकाळी गेले. आम्ही १९३० लावला सोमवारी दुपारी. मधल्या दिवसांवर येते नंतर.

सोमवारपर्यंत एका खात्यात १४,२१० उरले होते. ते अडकले. पण अडकले म्हणजे मिळाले नव्हेत. बँक तेव्हा म्हणाली कोर्टाची ऑर्डर आणा. ऑर्डरसाठी अर्ज, अर्जावर पोलिसांचं म्हणणं, मग विजयनगरला कोर्टात तारीख, मग ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल, मग बँकेत 'साहेब रजेवर', मग 'हेड ऑफिसचा मेल आला नाही'. स्वतःचे पैसे स्वतःला मिळावेत म्हणून एवढे कागद. पोलिसांत एक हवालदार ताई भेटल्या, त्यांनी अर्ज स्वतः वाचून दुरुस्त करून दिला आणि आत्याला आधी पाणी दिलं. तेवढं कबूल करते.

एक जण मला दर आठवड्याला रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम पाठवायचे. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. अहो काका, तो परस्पर उडालेल्या पैशांसाठी आहे. स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशांना बँक तो लावत नाही. मी विचारून आले, दोनदा, आणि दोन्ही वेळा माझ्याकडं त्या रांगेतल्या गृहस्थांसारखंच बघितलं गेलं.

आणि मूळचे १,२९९? ते तर कुणाच्या हिशेबातच नाहीत. आत्याच्या मात्र आहेत. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी २०२० पासून नियम आहेत, साइटवर नाव-पत्ता हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी पण नाही, आणि दावा आपल्या गावात लावता येतो. सगळं छान. फक्त दावा लावायचा कुणावर? आम्ही बघायला गेलो तोवर ती साइट गायब. नोटीस काय चाळणीला पाठवायची?

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. आता मधल्या दिवसांचं.

चाळणी आली त्या दिवशी आत्यानं मला फोन केला होता. बिचारी रडकुंडीला आली होती आणि मी हसले. खरंच मोठ्यानं हसले. म्हटलं फोटो पाठव. तिनं पाठवला. तो मी आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, 'आत्याचा बिडाचा तवा बघा', पुढं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली सहा तोंडं. तुमच्यातल्या काहींनी त्यावर काय काय लिहिलं ते तुम्हाला आठवत असेल. मला पाठ आहे.

म्हणून शुक्रवारी ४७ हजार गेल्यावर तिनं फोन केला नाही. मला नाही, कुणालाच नाही. रविवारी ती माझ्याकडं जेवायला आली होती. आमटी-भात चिवडत बसली. मी विचारलं काय गं, बरं नाही का, तर म्हणाली, पित्त झालंय. आणि मी, शहाणी, निघताना तिला म्हटलं, "पीठ चाळलंस का बिडाच्या तव्यात?" पोरं हसली. तीही हसली. खात्यातल्या पैशांचा पत्ता तेव्हा दोन दिवस जुना झाला होता, आणि ती माझ्या दारात चपला घालत हसत होती.

सोमवारी सांगितलं तेही मला नाही. कुरडयांचे पैसे द्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर तिला रडू फुटलं, त्या बाईंनी मला फोन केला.

आज बँकेतून निघाल्यावर मला वाटलं ती आता रडेल. तिनं भडंग घेतलं, अर्धा किलो, माझ्या पोरांसाठी, माझे पैसे बाजूला सारून. ती लाल चाळणी वापरते ती, मेतकुटाला. म्हणाली, जाळी बारीक आहे, चांगली निघाली मेली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तेवढा फोटो काढून टाक ना गं ग्रुपवरून. अजून कुणी कुणी वर जाऊन बघतं."

घरी येऊन बघितलं. इतक्या जुन्या मेसेजला आता फक्त 'माझ्यासाठी डिलीट' एवढाच पर्याय येतो. तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो आहे. प्रत्येकानं आपापला काढा. आजच.