समुद्रकिनारा नंतर, आधी फरशीवर मॅट

शेल्टरमधलं म्हातारं, असाध्य आजाराचं कुत्रं घरी आणलं की ‘शेवटच्या इच्छां’ची यादी निघते: समुद्रकिनारा, केक, टोपी घालून फोटो. हेतू चांगलाच असतो. पण ती यादी माणसाची असते. आपले दिवस भरत आलेत हे कुत्र्याला कुठे ठाऊक? उठताना दुखतंय का, पोटात ढवळतंय का, आणि समोरचा माणूस कालचाच आहे का, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे त्याचे उरलेले दिवस जितके एकसुरी जातील तितके बरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी आणण्याआधी शेल्टरकडून कागद मागून घ्या: निदान, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, चालू औषधांचे डोस आणि शेवटचा डोस कधी दिला ती वेळ. हे शेवटचं फार जण विचारत नाहीत. तिथे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल आणि नव्या डॉक्टरांना ते न कळल्यामुळे त्यांनी दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम दिलं, तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं. खर्च कोणाचा आणि दयामरणाचा निर्णय कोणाचा, हेही लिहून घ्या. फॉस्टर म्हणून, म्हणजे दत्तक न घेता फक्त सांभाळायला आणलं असेल तर मालकी बऱ्याचदा शेल्टरकडेच राहते. मग रात्री दोन वाजता परवानगीसाठी फोन कोणाला करायचा, हे आधी माहीत हवं.

आता फरशी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, एकदा पडलं की कुत्रं चालायलाच घाबरतं. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी किंवा योगा मॅटचा सलग रस्ता करा. मध्ये दोन हात फरशी उघडी राहिली तर ते नेमकं तिथेच थबकतं, पाणी समोर दिसत असूनही. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. झोपायची गादी चार इंच तरी जाड आणि वॉटरप्रूफ कव्हरची हवी. स्वतः कूस बदलता येत नसेल तर दर दोन ते चार तासांनी तुम्ही बदलायची, नाहीतर कोपर आणि खुब्यावर जखमा होतात. उठवताना पोटाखालून टॉवेल घालण्याची युक्ती सगळे सांगतात, पण प्लीहेत किंवा पोटात गाठ असेल तर तिथे दाब नको. मागून उचलायला हँडलचा हार्नेस घ्या.

दुखत असलं की कुत्रं केकाटेलच, हा मोठा गैरसमज आहे. रात्री ते बसायला जातं, अर्ध्यात उठतं, गोल फिरतं, गारव्यातही धापा टाकतं. ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, हे दुखणं असू शकतं. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. दुखण्यासाठी गॅबापेन्टिन लिहून दिलं असेल तर माणसांचं पातळ औषध घेण्याआधी त्यातले घटक वाचा. काहींत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे.

जेवणाचंही तसंच. वास घेऊन तोंड फिरवणं, ओठ चाटत राहणं, लाळ गळणं हे नखरे नाहीत, मळमळ आहे. आधी मळमळीचं औषध, म्हणजे बहुधा मारोपिटंट, आणि मग गरज पडली तर भूक वाढवणारं. अन्न कोमट केलं की वास सुटतो. गोळी मुख्य जेवणात लपवू नका, एकदा कडू लागली की ते ताटच सोडून देतं. सिरिंजने जबरदस्तीने भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि ‘आता काय, खाऊ दे’ म्हणून तुपकट मेजवानी दिली तर स्वादुपिंडाला सूज येऊन उरलेला आठवडा उलट्यांत जातो.

किडनीच्या कुत्र्याचं पाणी, घरात लघवी होते म्हणून, कधीही तोडू नका. लघवीने कातडी सोलते, तिथले केस बारीक करा, कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. झिंक ऑक्साइडचं क्रीम चाटण्यात आलं तर अपाय होतो, म्हणून ते टाळा.

हृदयविकार असेल तर गाढ झोपेतले श्वास रोज मोजा. छाती वर-खाली झाली की एक, 30 सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला 30 च्या आत हवेत. वारंवार त्यावर जाऊ लागले तर त्याच दिवशी फोन. प्लीहेच्या गाठीचं कुत्रं अचानक कोसळलं आणि हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो, ताबडतोब निघा.

सर्वात जास्त टाळाटाळ निर्णयाची होते. पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी वापरा: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण, 10 म्हणजे सगळं ठीक; बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं सुसह्य धरतात. माझी बेरजेबद्दल तक्रार आहे. श्वासाचा त्रास त्यात वेदनेतच मोजतात, आणि त्या रकान्यात दोन पडले असतील तर बाकीच्या जोरावर चाळीस होऊन काय उपयोग? म्हणून कोणत्या लक्षणावर थांबायचं ते पहिल्याच आठवड्यात, डोकं शांत असताना, कागदावर लिहा. ‘झोपेतच जाईल’ या आशेवर बसू नका, बहुतेकदा तसं होत नाही.

दयामरणासाठी डॉक्टर घरी येतील का, रात्री कोण असतं, हे आधी विचारून ठेवा. साधारणपणे आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग शिरेतून पेंटोबार्बिटल. हृदय काही मिनिटांतच थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, स्नायू फडफडतात, लघवी होते. हे माहीत नसलं की ते अजून जिवंत आहे असं वाटून घरातले हादरतात. पेंटोबार्बिटल शरीरात राहतं, म्हणून पुरणार असाल तर खोल पुरा. उकरून खाणारं जनावर त्याने मरू शकतं. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांकडे परत द्या, पुढच्या कुत्र्यासाठी डब्यात ठेवू नका.