दहावीची पोरं आणि मिस्त्रीचं दुकान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नववी-दहावीच्या मुलांनी मे महिन्यात काही दिवस एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावेत, असं मी लिहिलं आणि तुम्ही चिडलात. गरिबाच्या पोराच्या हातात पाना द्यायचा आणि डॉक्टरांच्या पोराला क्लासला पाठवायचं, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा, दुकानदार फुकट राबवून घेतो. तिसरा, लागलं-खुपलं तर जबाबदार कोण? वर, पोरं तिथे शिकत काही नाहीत, ‘नुसती हमाली’ करतात, असंही म्हणालात.

पहिला सगळ्यात वजनदार. पण सुताराच्या मुलाला सुट्टीत रंधा धरायला कुठली योजना लागते? तो धरतोच. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. मात्र धोक्याचा नसेल तर घरच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करायची मुभा राहिली. म्हणजे बापाचा धंदा पोराकडे, ही वाट कायद्यानंच मोकळी ठेवली. शाळेनं पाठवलं तर सुताराची मुलगी मोटार भरायच्या, म्हणजे जळलेल्या विजेच्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायच्या दुकानात जाऊ शकते आणि डॉक्टरांचा मुलगा सुताराकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सगळ्याच मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे पाठवायचं म्हटलंय, आणि अशी संधी बारावीपर्यंत, सुट्टीतही द्यावी असंही. कागदावर तरी डॉक्टरांचं पोर सुटलेलं नाही. फक्त गरिबांचीच पोरं पाठवणार असतील, तर मी तुमच्या बाजूला.

आता ‘नुसती हमाली’ म्हणालात त्याबद्दल. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि मोटार भरायच्या या दुकानात रांग लागते. मोटार उघडली की मिस्त्री आधी बघतो, तार कुठे काळी पडलीय. तीन फेजच्या, म्हणजे तीन तारांतून वीज घेणाऱ्या मोटारीत प्रत्येक फेजची वेगळी गुंडाळी असते. स्टार जोडणीच्या (तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटारीत दोन फेजची गुंडाळी करपलेली आणि तिसरी कोरी दिसली, तर समजायचं, एक फेज गेलेली असताना मोटार चालत राहिली. तिन्ही सारख्याच काळ्या असतील तर बहुधा जास्त लोड किंवा कमी व्होल्टेज. मग जुनी तार सोडवायची, वेढे मोजायचे, मायक्रोमीटरनं जाडी घ्यायची आणि वहीत लिहायचं. वेढे चुकले की नवी गुंडाळीही तापणार. दहावीच्या पुस्तकात मोटारीची आकृती आणि तारेवर जोर कुठल्या दिशेला लागतो ते डाव्या हाताच्या बोटांनी दाखवणारा फ्लेमिंगचा नियम आहे; पोरं तो पाठ करतात आणि पेपरात बोटं वाकडी करत बसतात. वेढे मोजणाऱ्या पोरीला तो वेगळा समजवावा लागत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम ही हातानं काम करत शिकवणारी संस्था सुरू केली, तिथला शाळांसाठीचा अभ्यासक्रम याच वाटेनं जातो: आठवड्यातला एक दिवस हातानं काम, आणि शिकवायला बऱ्याचदा गावातलाच कारागीर.

फुकट राबवण्याचं मात्र तुमचं खरं आहे, तसं होतं. पोरगं दिवसभर झाडू मारतंय, चहा आणतंय, तर त्याला परत बोलवावं. पाहण्या-शिकण्यापुरतं असेल तर पैशांचा प्रश्न नाही. पण त्यानं केलेल्या कामाचं गिऱ्हाइकाकडून बिल घेतलं, तर त्यातला वाटा पोराला मिळालाच पाहिजे.

अपघाताचं म्हणाल तर चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याची कामं कायद्यानंच बंद आहेत. त्यामुळे मोटारीला वीज जोडून टेस्टिंग करताना मूल लांब उभं राहणार, जुनी गुंडाळी जाळून काढणं आणि वार्निशची भट्टी मिस्त्रीच बघणार. हे शाळेनं आधी लिहून द्यायचं, खाली मुख्याध्यापक, पालक आणि मिस्त्री तिघांच्या सह्या. सही करायला जो मिस्त्री कां-कूं करतो, त्याच्याकडे पाठवूच नये.