कॉनली नेमके कुठे बसले होते?

अध्यक्ष केनेडींच्या १९६३ मधल्या हत्येवरच्या लेखात पुन्हा तीच 'जादूची गोळी'! केनेडींच्या मानेतून निघालेली गोळी हवेत वळल्याशिवाय त्यांच्या पुढ्यात बसलेल्या टेक्सासच्या गव्हर्नर कॉनलींना लागूच शकत नाही म्हणे. हे खरं वाटतं ते दोघांना एकाच उंचीवर, अगदी एकामागे एक बसवलेल्या आकृतीमुळे. प्रत्यक्षात कॉनली घडीच्या सीटवर, केनेडींपेक्षा खाली आणि गाडीच्या आतल्या बाजूला होते. तसं बसवून बघा, रेषा बऱ्यापैकी सरळ येते.

म्हणून अधिकृत बाजूचं (मारेकरी एकच, असं म्हणणाऱ्यांचं) सगळंच डोळे झाकून घ्यावं असंही नाही. सापडलेल्या शिशाच्या तुकड्यांतलं अँटिमनी (शिशात मिसळलेला धातू) मोजून 'लागलेल्या गोळ्या दोनच' म्हणणाऱ्या पद्धतीचा पाया पुढे कच्चा निघाला. एफबीआयने २००५ मध्ये शिशाची अशी तुलनाच थांबवली.

आणि दुसरा मारेकरी होता असं सुचवणाऱ्या चौथ्या गोळीचा आवाज? १९७९ च्या प्रतिनिधीगृह समितीने कटाचा निष्कर्ष काढला तो मुख्यतः पोलीस रेडिओच्या ध्वनिमुद्रणावरून. ओहायोतल्या एका ड्रमवादकाला (तज्ज्ञांना नव्हे!) त्या ध्वनिमुद्रणात त्याच जागी शेरीफचं बोलणं ऐकू आलं, आणि ते तर गोळीबारानंतर सुमारे मिनिटभराने झालेलं; म्हणजे तो आवाज गोळीचा नव्हेच. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही तेच सांगितलं. २००१ मध्ये त्याला आव्हान देणारा शोधनिबंध आला, वाद चालूच आहे. पण लेखकाने १९७९ वरच गाडी थांबवलीय, ती का?