सातबाऱ्यावर वाडी, जागेवर पाणी

आज नाशकात गंगापूर रोडला प्रॉपर्टीच्या प्रदर्शनात एका पोराशी भांडून आले. नवरा म्हणतोय फेसबुकवर लिहू नकोस, लोक म्हणतील हिला दुसरे उद्योग नाहीत. नसू देत. लिहितेय.

गेलो होतो फ्लॅट बघायला. मधल्या रांगेत कोकणातल्या प्लॉटचा स्टॉल. मागे भिंतभर फ्लेक्स, त्यावर उपग्रहाचा फोटो, निळाशार समुद्र, पिवळ्या रेघांनी पाडलेले प्लॉट आणि शेवटची रांग थेट वाळूला टेकलेली. 'सी-टच'! मी विचारलं, फोटो कोणत्या महिन्यातला? "मॅडम, लेटेस्ट आहे." भरतीचा की ओहोटीचा? "मॅडम, समुद्र काय, तिथेच असतो." शेजारी एक काका टोकनचा चेक लिहीत होते. म्हटलं, काका, ह्याच जागेचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो मागा की ह्यांच्याकडे. पोरगा हसला. काकाही हसले. तिथे माझं डोकं सटकलं.

विरळ वस्तीच्या गावांत उच्चतम भरतीरेषेपासून साधारण २०० मीटरपर्यंत नवी बांधकामं करू देत नाहीत, हे त्या काकांना कुणी सांगितलं असेल का? आणि ती भरतीरेषाच आत सरकली तर त्यांचे २०० मीटर कुठून मोजायचे? जाऊ दे. पोरगा पाठ करून दिलेलं बोलतो, त्याच्यावर कशाला चिडू. चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. वरून काढलेला फोटो प्लॉट विकायला चालतो, आणि माझ्या मामांना तोच फोटो दाखवून न्याय मागता येत नाही.

अण्णामामा माझ्या आईचे थोरले भाऊ. दापोली तालुक्यात वाडी आहे. नारळ, पोफळी, समुद्राच्या अंगाला सुरूची रांग, त्यापुढे केवडा, त्यापुढे पुळण. माझ्या लहानपणी पुळणीवर मर्यादवेल पसरलेली असायची, जांभळी फुलं. आता केवडा नाही, सुरू नाही, पुढच्या बाजूच्या नारळांच्या रांगा गेल्या. विहिरीचं पाणी मचूळ झालंय. मामा अर्ज घेऊन एका कचेरीत गेले तेव्हा साहेब म्हणाले, सातबाऱ्यावर तर क्षेत्र पूर्ण दिसतंय. मामा म्हणाले, जागेवर येऊन बघा. साहेब म्हणाले, हद्दीचे दगड दाखवा. दगड समुद्रात! ते काय डुबकी मारून दाखवायचे?

मामा पुतण्याच्या मुंजीला नाशकात आले होते. रात्री लेकीने लॅपटॉप उघडला, गूगल अर्थवर गाव काढलं आणि जुन्या वर्षांची पट्टी मागे सरकवली. मामा चष्मा पुसून पुढे सरकले. "अगो, थांब थांब. ही विहीर. हिच्या पुढ्यात बैलगाडी वळायची आमची." लेकीने पट्टी पुढे आणली. एकेका वर्षाने वाळू आत, आत. मामांचा पहिला प्रश्न, "हा फोटो काढला कोणी? न विचारता?" आम्ही सगळे हसलो. दुसरा प्रश्न, "मग हे कचेरीत दिसत नाही का त्यांना?" ह्यावर मात्र कुणाला हसू आलं नाही.

दिसतं हो. सगळं दिसतं. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये वर गेला, आणि २००८ पासून ते सगळे जुने फोटो फुकट आहेत. युरोपचे सेंटिनेल-२ जोडीने दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात, दहा-दहा मीटरच्या चौकटीत (फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची तेवढी चौकट), तेही फुकट. आपले आयआरएस उपग्रह १९८८ पासून. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्राने अख्ख्या किनाऱ्याचे, रेषा कुठे सरकली ते दाखवणारे नकाशे २०१४ मध्ये छापले. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ चे फोटो लावून सांगितलं की देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजतोय, महाराष्ट्राचा साधारण पाव. म्हणजे दिल्लीला माहीत आहे, चेन्नईला माहीत आहे, अहमदाबादला माहीत आहे. फक्त मामांच्या अर्जावर बसलेल्या साहेबाला माहीत नाही.

हे टाइप करताना लेक मागून वाचतेय आणि मला झापतेय. आई, एवढं सोपं नसतं. बरं, तिचंही लिहिते. दोन फोटो शेजारी ठेवले आणि रेघ मारली असं होत नाही. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर बरीचशी परत आणून टाकतो, म्हणून जूनचा फोटो जानेवारीच्या फोटोशी लावणं हा गाढवपणा. शिवाय झीज होते नेमकी ढगांच्या दिवसांत, तेव्हा साध्या कॅमेऱ्याला कापसाशिवाय काही दिसत नाही, रडारवाले उपग्रह लागतात. लँडसॅटची चौकट ३० मीटरची, त्यात मामांच्या दोन रांगा हरवून जातील. आणि सगळ्यात मोठी भानगड भरती-ओहोटीची. ह्यातले बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात. त्या वेळी पाणी कुठे असेल ते त्या दिवसावर.

मान्य. पण त्या रात्रीची खरी गंमत तर इथेच आहे. लेक भरतीचं हे सगळं समजावत होती, तर मामा म्हणाले, फोटोची तारीख सांग. तिने सांगितली. त्या दिवशी तिथी कोणती? मोबाइलवर शोधली, अष्टमी. मामांनी बोटांवरही मोजलं नाही. "तिथीची पाऊणपट कर. सहाला भरती, मग बाराला ओहोटी. त्यात भांगाचं पाणी, भरती बेताचीच. साडेदहाला पाणी बरंच उतरलेलं असणार. म्हणजे ह्या फोटोत दिसतंय त्याहून पाणी आत येतं. आमावास्येचा, उधाणाच्या मोठ्या भरतीचा फोटो काढ, मग बघ." लेक तोंडात बोट घालून बघत राहिली. तिला जी दुरुस्ती संगणकावर आकडे भरून करायला शिकवतात ती आठवी पास माणसाने भांग आणि उधाण सांगून केली.

मला आत्ताही ते आठवून भरून येतंय. आणि पुन्हा राग येतोय. पुरावा आकाशात आहे, तो वाचणारा माणूस वाडीत बसलाय, आणि मधली कचेरी म्हणते दगड दाखवा.

तुमच्यापैकी कितीजणांच्या द्राक्षबागा आहेत दिंडोरी-निफाडला. ई-पीक पाहणीला मोबाइलवर फोटो काढता, जागेच्या खुणेसकट चढवता, सातबाऱ्यावर पीक लागतं. २०२१ पासून चालूच आहे की. मग समुद्राने खाल्लेल्या जमिनीलाच ही सोय का नाही? महसूल कायद्यात तर आहे, जमीन वाहून गेली तर शेतसारा कमी करावा म्हणून. आता मामांचा शेतसारा माफ होऊन त्यांना चहाचे पैसे सुटतील, ते सोडा. पण कागदावर एकदा 'गेली' असं लिहिलं गेलं तर पुढच्या मदतीची दारं उघडतात. पंधराव्या वित्त आयोगाने किनारे आणि नद्यांच्या झिजेने विस्थापित झालेल्यांसाठी १,००० कोटी सुचवले होते. ते मागायलाही आधी 'गेली' लागतं.

एकाने मला मघाशीच मेसेजवर ऐकवलं, नाशिकला समुद्र कुठे आहे, तुम्हाला काय पडलंय. दादा, ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण आपली गोदावरी तिकडे न जाता १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत गंगापूर, जायकवाडी आणि पुढे कितीतरी धरणं. गाळ त्यांच्यात बसतो. तो किती बसला हे उपग्रहाच्या फोटोंवरून मोजायचं काम आपल्याच दिंडोरी रोडवरच्या मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत होतं, जिला आपण फक्त बसस्टॉप म्हणून ओळखतो. इथे अडलेला गाळ तिकडे त्रिभुज प्रदेशात पोचत नाही, आणि तिथला किनारा आत सरकतोय हेही अशाच फोटोंनी दाखवलंय. धरणं नकोत असं मी म्हणत नाही, माझ्याही नळाला गंगापूरचंच पाणी येतं. पण 'आपल्याला काय' हे निदान गोदाकाठच्या माणसाने म्हणू नये.

मामांशीही माझं एक भांडण आहे, तेही लिहूनच टाकते. त्यांना धूपप्रतिबंधक बंधारा हवाय. दगड टाका, वाडी वाचेल. मी म्हणते, बंधारा संपतो तिथून पुढची वाळू जाते, म्हणजे झीज शेजारच्या गावाच्या गळ्यात. मामा म्हणाले, "मग त्यांनी पण बंधारा मागावा." चूक आहे. पण त्यांची वाडी जातेय, माझी नाही, म्हणून मी गप्प बसले. बंधाऱ्याआधी आणि बंधाऱ्यानंतर दोन्ही बाजूंच्या गावांचे पाच-पाच वर्षांचे फोटो लावून बघा आणि मग दगड टाका, एवढी अट घालायला काय हरकत आहे? फुकटचे तर फोटो.

तर, मदत हवीय. लेकीने तारीख, तिथी, भरतीची वेळ लिहून वर्षवार प्रिंट काढून दिले, मामांनी ते अर्जाला जोडले. कचेरीतून तोंडी उत्तर आलं, "ह्यावर सही-शिक्का कुणाचा?" मित्रयादीत भूमी अभिलेखात, मेरीत किंवा रिमोट सेन्सिंगवाले कुणी असतील तर सांगा, असा फोटो अधिकृतपणे प्रमाणित करून कुठे मिळतो, अर्ज कोणाच्या नावे करायचा, फी किती? 'छान लिहिलंय ताई' नको. नाव आणि टेबल सांगा.